भीमाशंकरची पाठ

भीमाशंकरच्या पाठीवर घामोळं उठलं ते मार्च सरताना, आणि एप्रिल अर्धा झाला तरी ते उतरायचं नाव घेईना. दोन हजार चारचं साल. मस्कतचं ऊन त्याला नवं नव्हतं. तीन उन्हाळे त्यानं तिथं लोखंडी सळ्या बांधण्यात काढले होते. दर उन्हाळ्यात मानेवर, काखेत चार पुटकुळ्या यायच्या आणि आठ दिवसांत जायच्या. यंदाचं तसं नव्हतं. मानेखालपासून कमरेपर्यंत सगळी पाठ लाल झाली होती, कुणी मूठभर मोहरी पेरून ठेवावी तशी. घाम आला की सुया टोचायच्या, आणि घाम तर पहाटे पाचलाच सुरू व्हायचा.

नुसत्या खाजेचं त्यानं सोसलं असतं. पण जूनमध्ये व्हिसा वाढवायचा होता आणि त्याआधी मेडिकल होतं. तिथला डॉक्टर सदरा काढायला लावतो. अंगावर काही दिसलं की कागदावर नापासाचा शिक्का मारतो आणि माणूस घरी जातो. शिवाय मेडिकल पार पडलं की टोळीचा नवा मुकादम ठरणार होता. त्यासाठी नावं दोनच होती. एक भीमाशंकर, दुसरा जगदेवप्पा.

आणि हे दोघं एकाच खोलीत राहत होते.

जगदेवप्पा आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचा, शेतकरी घरातला. वयानं दहा वर्षांनी मोठा, म्हणून भीमाशंकर त्याला अण्णा म्हणायचा. भीमाशंकर कमलनगरजवळच्या एका धनगरवस्तीवरचा. कंपनीच्या कामगार कॅम्पात आपल्याकडची भाषा बोलणारे हे दोघंच, म्हणून त्यांनी कंपनीकडं मागून एक खोली घेतली होती. तीन वर्षं एका पातेल्यात वरण शिजलं, एका साबणानं दोघांची अंघोळ झाली. कधी भांडण म्हणून झालं नव्हतं.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, भीमाशंकरनं कार्ड घालून कमलनगरच्या एसटीडीवर फोन लावला. आई, नागूबाई, तिथं येऊन बसलेलीच असायची.

“आई, पाठीचं घामोळं जाईना.”

“महिनाभर राहतंय व्हय रे घामोळं? आपल्याकडं काय घाम येत न्हाई?”

“डॉक्टर तर घामोळंच म्हणायलाय.”

“त्याला काय कळतंय! तुझ्या अंथरुणा-कापडाला कुणाचा हात लागायलाय ते बघ आधी. खोलीत कोण असतंय?”

“जगदेवअण्णा. दोघंच हाव आम्ही.”

 नागूबाई नुसतं म्हणाली, “मंग?”

त्या एका शब्दानं भीमाशंकरच्या डोक्यात घर केलं.

डॉक्टरकडे तो दोनदा जाऊन आला होता. पहिल्यांदा गुलाबी पातळ औषध मिळालं, दुसऱ्यांदा पावडरचा डबा. काम झालं की लगेच अंघोळ कर, सुती कापड घाल, पाठीला वारं लागू दे, असं डॉक्टरनं सांगितलं. झोपतोस कशावर, हेही विचारलं. भीमाशंकर म्हणाला, “गादीवर.” गादीवर घोंगडी असते हे सांगायचं त्याच्या मनातच आलं नाही. धनगराच्या पोराला घोंगडी म्हणजे आपलं अंगच. तिचं वेगळं काय सांगायचं?

ही घोंगडी आईनं जानेवारीत बिदरच्या एका माणसाबरोबर पाठवली होती. लोकर घरच्या मेंढरांची, सूत नागूबाईच्या हातचं, आणि विणून आल्यावर चिंचोक्याची खळ तिनंच दिलेली. खळ दिलेली नवी घोंगडी पत्र्यासारखी करकरीत असते. वर्षभर तिला पाणी लावायचं नाही, ही घरची रीत. पाण्यानं खळ जाते, घोंगडी सैल पडते, आणि सैल घोंगडी म्हणजे ती करणाऱ्या बाईच्या हाताची नाचक्की. घोंगडीवर देव बसतो, विंचू चढत नाही, कुणाची नजर लागत नाही, असं ऐकत तो वाढला होता. थंडीत त्यानं ती पांघरली, आणि थंडी सरली तशी गादीवर अंथरली. कामावरून आला की उघड्या पाठीनं तिच्यावर अंग टाकायचा. खोलीतला एसी हवा कमी द्यायचा आणि खोकायचा जास्त. पण घोंगडीवर पडलं की आपण वस्तीवर आहोत असं त्याला वाटायचं.

फोनच्या दुसऱ्या दिवसापासून त्यानं साबण वेगळा केला. जगदेवप्पानं पाहिलं, पण बोलला काही नाही. ते गप्प राहणंही भीमाशंकरला खटकलं. मग त्यानं तेलाची बाटली पेटीत ठेवली. कपडे दोरीवर वाळत घालायचं सोडून खाटेच्या कठड्यावर घालू लागला.

एकदा भीमाशंकर सदरा बदलत असताना जगदेवप्पा मागं येऊन उभा राहिला.

“भीमा, जरा थांब. वळ बघू. छातीवर तर काहीच न्हाई. नुसतं पाठीवरच कामून रे?”

“तुला काय करायचंय?”

“न्हाई, म्हणलं, घामोळं सगळीकडं येतंय. तुझं पाठ बघूनच कसं आलंय?”

“तूच सांग की कसं आलंय ते!” भीमाशंकर फटकन बोलला.

जगदेवप्पा हसला. “मी काय देवरुशी हाय का?”

पण भीमाशंकरला हसू आलं नाही. हा माणूस आपली पाठ इतकी निरखून का बघतो? मांत्रिकानं केलेलं लागलं का नाही, हे बघतात तसं तर बघत नाही ना?

त्या आठवड्यात जगदेवप्पाचा गुडघा सुजला आणि तो एक दिवस खोलीवरच राहिला. भीमाशंकरनं कामावर जाताना पावडरचा डबा उलटा केला आणि आपल्या खाटेभोवती फरशीवर पांढरा पातळ थर पसरला. दुपारी येऊन बघतो तर थरात पावलं उमटलेली. उजव्या पावलाला करंगळी नव्हती. जगदेवप्पाची करंगळी दोन वर्षांमागं सळ्यांच्या मोळीखाली गेली होती.

“अण्णा, माझ्या खाटेपाशी आला होतास?”

“आलो होतो की. पंख्याचं बटण तुझ्या उशापाशी हाय, ते काय मी वाढवून घेऊ इकडं?” मग फरशीकडं बघून म्हणाला, “आणि ही पावडर कुणाला लावलास? जमिनीला उठलंय का घामोळं?”

बटण खरंच तिथं होतं. तरी भीमाशंकरनं मनातल्या मनात आणखी एक गाठ मारली.

पुढच्या शुक्रवारी तो केस कापून लवकर परतला. खोलीत कुणी नव्हतं आणि गादी उघडी पडली होती. तो मागच्या नळाकडं धावला. जगदेवप्पा उकिडवा बसला होता, समोर मोठी बादली, बादलीत घडी करून कोंबलेली घोंगडी. हात नळाच्या चावीवर.

“अण्णा!”

“अरे वास यायलाय रे हिला. आंबट. हुंगून बघ.”

“माझ्या घोंगडीला हात कामून लावलास?”

“तुझी पाठ—”

“पाठीचं नाव काढू नकोस! विचारून न्यायला काय झालं होतं?”

“विचारलो असतो तर दिला असतास?”

भीमाशंकर जास्तच चिडला. घोंगडी ओढून घेताना बादली लवंडली. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं बघायला आली. दुसऱ्या दिवशी त्यानं कॅम्पबॉससमोर उभं राहून मोडक्या हिंदीत सांगितलं, की हा माणूस माझ्या अंथरुणात काहीतरी घालतो, मेडिकलमध्ये मी नापास व्हावं म्हणून. कॅम्पबॉसला खरं-खोटं करायला सवड नव्हती. आत वाळवंटात, दोनशे किलोमीटरवर, कंपनीचं एक पंपघर चाललं होतं आणि तिथं जायला कुणी तयार नव्हतं. तीन दिवसांत जगदेवप्पाची पेटी पिकअपवर चढली.

चढताना तो म्हणाला, “भीमा, पाठीला वारं लागू दे.”

यातही काही असेल का, यावर भीमाशंकर संध्याकाळपर्यंत विचार करत बसला.

खोली आता त्याच्या एकट्याची होती. साबण एकट्याचा, दोरी एकट्याची. तरी पाठ जशीच्या तशी.

“गेला का तो?” नागूबाईनं फोनवर विचारलं.

“गेला.”

“आणि पाठ?”

“हाय तशीच.”

“म्हणजे करणी करून गेला.”

मेच्या सुरुवातीला त्याला महिनाभराची सुटी मिळाली. येऊन लगेच मेडिकल. घोंगडी पेटीत घालून त्यानं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि विमानात बसला.

वस्तीवर आला त्या दिवशी बायको मनीषानं पाठ पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.  दोन रात्री तिनं आपली वाकळ सासूच्या पलीकडं टाकली, उकडतंय म्हणून. कमलनगरच्या दवाखान्यात परदेशी जाणाऱ्या माणसांसाठी एड्सची जी चित्रं लावलेली असतात, ती तिनं पाहिली होती. भीमाशंकरला ते कळलं आणि फार लागलं. पण शपथ घेऊन सांगावं तर तिनं तोंडानं विचारलंच कुठं होतं?

चौथ्या दिवसापासून पाठ सुकू लागली. आठव्या दिवशी खपल्या धरून झडली. दहाव्या दिवशी हात फिरवला तर गुळगुळीत. आणि ऊन तर असं की दुपारी माळावर मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसून उभी राहायची. तो नुसत्या वाकळेवर झोपत होता, विहिरीवर अंघोळ करत होता. औषधाची बाटली उघडलीसुद्धा नव्हती.

“बघितलास?” नागूबाई म्हणाली. “इथं काय ऊन कमी हाय? तिथं माणूस होतं म्हणून होतं ते. माणूस सुटलं, पाठ सुटली.”

मनीषाची वाकळ परत जागेवर आली होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “पण अत्या, नुसतं पाठीवरच कामून आलं असंल? करणाऱ्यानं काय पाठ मोजून केलं?”

हाच प्रश्न तर जगदेवप्पानं विचारला होता. भीमाशंकरच्या हातातला घास जरा थांबला. नागूबाई सुनेला म्हणाली, “तू भाकरी बघ. करपायली.”

दुसऱ्याचा हात लागलेली घोंगडी आता नको, म्हणून नागूबाईनं नवी विणून आणवली होती. चिंचोके भाजून, भिजवून, टरफलं काढून तिनं वाटले, मोठ्या पातेल्यात शिजवले आणि कुंच्यानं दोन दिवस घोंगडीला खळ दिली. बोटानं टिचकी मारून म्हणाली, “ऐक, वाजायली.”

ती वाळत घातली होती त्याच दिवशी दुपारी वस्तीवर एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ. जगदेवप्पाची बायको, गुरुबाई. आळंदहून बस, बसवकल्याणला दुसरी बस, भालकीहून जीप, असं करत पत्ता विचारत आली होती.

“भीमाशंकरअण्णा तुम्हीच का? आमचे चिट्ठीत लिहिलेत, तुम्ही सुटीवर आलाव म्हणून. एवढी पिशवी त्यांना पोचवता का? कडक भाकऱ्या हायत, शेंगाची चटणी हाय.”

नागूबाईनं पाणी दिलं, पण तांब्या दूर ठेवून दिलं. गुरुबाई दाराबाहेरच टेकली.

“तुमच्या पाठीचं बी लिहिलेत. बरी झाली का म्हणून विचार, म्हणलेत.”

“झाली,” भीमाशंकर म्हणाला.

“बरं झालं बाई. त्यांना कुठं तर वाळवंटात पाठवलेत म्हणं. टँकरचं खारं पाणी हाय, ते बी मोजून. कामून पाठवले काय की! काही चुकलं का हो त्यांचं?”

भीमाशंकर खाली मान घालून बसला.  “कंपनीचं काय सांगावं,” असं काहीतरी नागूबाईच म्हणाली.

त्यानं गुरुबाईला जीपपर्यंत पोचवलं. भर उन्हात जाऊन-येऊन बनियन पिळून काढण्यासारखं झालं होतं. ते काढून त्यानं कुंपणावर टाकलं आणि लिंबाखाली वाळून तयार झालेल्या नव्या घोंगडीवर उघड्या पाठीनं आडवा झाला. डोळा लागला तो दिवस कलेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर पाठीत सुया.

मनीषानं पाहिलं. “अगं बाई, परत आलं की!”

नागूबाई धावत आली. पाठ पाहिली, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते भीमाशंकरनं आधीच ओळखलं.

“काल कोण आलं होतं? त्याचीच बायको आली होती ना! तिच्या हातचं पाणी-बिणी पिलास का? त्या पिशवीला हात लावलास का? मनीषा, ती पिशवी उचल आणि उकिरड्यावर टाक. भाकरी कुत्र्याला सुद्धा घालू नकोस.”

“थांब आई.”

“काय थांब? घरापत्तर आले की लोक!”

“थांब म्हणलो ना.”

तो लिंबाखाली गेला. घोंगडी अजून तिथंच पसरलेली होती. मधोमध त्याच्या अंगाएवढा डाग, घामानं ओला होऊन वाळलेला. तिथं खळ उकलून चिकट झाली होती. लोकरीचे केस ताठ उभे होते. तो वाकला आणि त्यानं वास घेतला.

आंबट.

हुंगून बघ, म्हणाला होता. बादलीपाशी बसून, नळाच्या चावीवर हात ठेवून, म्हणाला होता. एवढंच करायचं होतं. वाकून वास घ्यायचा होता. आणि आपण त्याला दोनशे किलोमीटर वाळवंटात पाठवलं.

“आई,” तो म्हणाला, “हे खळीनं व्हायलंय. घामानं खळ सुटतीया, अंगाला चिकटतीया. वर केस टोचायलेत.”

नागूबाई एकदम ताठ झाली. “माझ्या खळीनं? तुझा बाप जन्मभर झोपला ह्या खळीवर. त्याला कधी झालं?”

“अप्पा अंगरखा घालून झोपायचे. आणि माळावर वारं होतं. मी बंद खोलीत, ओल्या अंगानं, उघडा पडायलो.”

“कोण शिकवलं तुला हे? त्यानंच ना?”

“त्यानं मला हुंगायला सांगितलं होतं. मी हुंगलो न्हाई.”

नागूबाई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मनीषानं दोनदा हाक मारली, तरी ती मेंढरांकडं तोंड करून बसून राहिली. पिशवी मात्र उकिरड्यावर गेली नाही. मनीषानं ती गुपचूप भीमाशंकरच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली होती.

दोन दिवसांनी सकाळी भीमाशंकर विहिरीवर गेला तर कुंपणावर घोंगडी वाळत होती. आपटून, पिळून, चार पाण्यांतनं काढलेली. मऊ पडली होती, वाऱ्यानं कापडासारखी हलत होती. शेजारी नागूबाई पदर खोचून उभी होती, कोपरापर्यंत हात ओले.

“सैल पडली,” ती म्हणाली. “आता वाजंना.”

“राहू दे आई. चांगली झाली.”

“सदरा घालून झोपत जा.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि एवढं करून बी पाठीवर आलं, तर मग मात्र त्या माणसाचंच हाय, ध्यानात ठेव.”

भीमाशंकरला हसू आलं, पण त्यानं ते ओठांतच ठेवलं.

जूनमध्ये मेडिकल झालं. डॉक्टरनं सदरा काढायला लावला, पाठीवर एक नजर टाकली आणि कागदावर सही केली. आठवड्यानं मुकादमही भीमाशंकरच झाला. दुसरं नाव तिथं हजरच नव्हतं. तो कॅम्पबॉसकडं गेला आणि म्हणाला, मी सांगितलं ते खोटं निघालं, जगदेवप्पाला परत आणा.  कागद वर गेला आहे, कॅम्पबॉस म्हणाला, सहा महिने तरी हलणार नाही. आणि असलं पुन्हा माझ्यापुढं आणू नकोस.

पहिल्या शुक्रवारी भीमाशंकर पाण्याच्या टँकरवर बसून पंपघराकडं निघाला. एका बगलेत गुरुबाईची पिशवी, दुसऱ्या बगलेत गावाहून आणलेली घोंगडी.

चार तंबू, एक पत्र्याची खोली, आणि चारी बाजूंनी पांढरी वाळू. जगदेवप्पा तंबूच्या सावलीत बसला होता. मान, गळा, पोट, सगळं लाल. खाऱ्या पाण्यानं त्याला अंगभर उठलं होतं. त्यानं भीमाशंकरला येताना पाहिलं, पण उठला नाही.

“मुकादम झालास म्हणं.”

“झालो.”

“मग इथं कामून?”

“वहिनीनं पिशवी दिलीया.”

जगदेवप्पानं पिशवीची गाठ आधी उलटी-सुलटी करून पाहिली. सुटून पुन्हा मारलेली तर नाही ना. मग सोडली. वरची भाकरी काढली, मोडली आणि अर्धी पुढं केली.

“आधी तू खा.”

ते थट्टेत नव्हतं. भीमाशंकरनं भाकरीवर चटणी घेतली आणि खाल्ली. महिन्याभराची भाकरी कडाकडा वाजत होती. जगदेवप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्यानं पूर्ण गिळली, तेव्हा कुठं स्वतःचा घास उचलला.

“अण्णा, मी कॅम्पबॉसला सांगितलो, माझं चुकलं म्हणून. सहा महिने म्हणतोय.”

“मला ठावं हाय. टँकरवाला सांगितला.” जगदेवप्पा चावत राहिला. “वळ.”

“काय?”

“वळ म्हणलो. सदरा वर कर.”

भीमाशंकर वळला. त्यानं सदरा मानेपर्यंत वर घेतला आणि तसाच उभा राहिला. गरम वारं पाठीला लागलं. मागं जगदेवप्पा उठल्याचा आवाज आला. एक खरबरीत बोट मणक्यावरून खाली सरकलं.

“गेलंय,” जगदेवप्पा म्हणाला. “कशानं गेलं?”

“हुंगलो.”



भीमाशंकरनं सदरा खाली घेतला आणि घोंगडी पुढं केली. “ही धुतलेली हाय. आईनंच धुतलीया. खळ न्हाई आता. वाळूत विंचू असतेत, अंथरायला होईल तुला.”

जगदेवप्पानं घोंगडी घेतली. नाकाला लावली, एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. उलटून परत हुंगली. भीमाशंकर उभा राहून बघत होता. त्याला बोलायचा काही हक्क उरला नव्हता.

शेवटी जगदेवप्पा तंबूपासून वीस पावलं चालत गेला आणि त्यानं ती एका पाईपवर पसरून टाकली, भर उन्हात.

“चार दिवस पडू दे तिथं,” येता येता तो म्हणाला. “मग बघतो. बस खाली, भाकरी हाय अजून.”